चर्चमधला नारळ
नुकत्याच फोडलेल्या नारळाचा ओला वास आला की मला बडोद्यातलं एक लहानसं चर्च आठवतं. वडिलांचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि आई दिसेल त्या देवापुढे हात जोडत होती. त्या रविवारी आतलं गाणं ऐकून ती नारळ घेऊन चर्चच्या दारात थबकली आणि मला म्हणाली, “आपल्याला चालेल का गं?” नारळ पाहून आत कुणीतरी कुजबुजलं. तेवढ्यात गीतांची पुस्तकं वाटणाऱ्या म्हाताऱ्या बाई ठसक्यात म्हणाल्या, “खाली हाथे तो नथी आव्यां ने! आवो बेन, बेसो.” आम्ही रिकाम्या हाताने आलो नव्हतो, एवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी नारळ मेणबत्त्यांशेजारी ठेवला आणि बाकावर सरकून आम्हां दोघींना जागा दिली. प्रार्थनेत पाळकांनी आईला विचारून वडिलांचं नाव घेतलं, आणि नंतर पायरीवर नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. कुजबुजणाऱ्यानेही हात पुढे केला. वडील बरे झाले. पुन्हा एकदा तिथे जाऊ या, जाऊ या म्हणता म्हणता आईच गेली. परवा मी एकटीच नारळ घेऊन गेले. त्या बाई आता नव्हत्या. किती जणांची जागा करायची म्हणून बाकावरच्या अनोळखी मुलीने सरकता सरकता विचारलं, “केटला जण छो?” माझ्या तोंडून निघून गेलं, “बे.”