बाबूची लेव्हल

मला आजही एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागली आहे. लागली आहे खरी, आणि कुठे लागली तेही मला पक्कं ठाऊक आहे. आजवर कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला मॅंगनीजच्या खाणी आहेत. त्यातल्या एकीच्या ऑफिसात मी हाजरी लिहिणारा बाबू होतो, पण टेंपररी. दर तीन महिन्यांनी मुदत वाढायची आणि ती वाढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. घरी जेवायला बसलो तरी दोन घास खाऊन उठायचो, अंगणात दोन चकरा मारायचो आणि पुन्हा ताटावर यायचो. गावात जो भेटेल तो एकच विचारायचा, "झाला का गा पक्का?" त्या प्रश्नाचा मला इतका वैताग आला होता की सायकल मी मागच्या पांदणीनं काढायचो.

'बाबू' या शब्दाचं थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे ऑफिसातला कारकून म्हणजे बाबू, आणि आई लेकराला लाडानं हाक मारते तीही बाबूच. माझी आई मला पाळण्यापासून बाबूच म्हणायची. कागदावरचं नाव फक्त मास्तर घ्यायचे.

आमच्या मॅनेजर साहेबांना गोल्फचं वेड होतं. कॉलनीच्या मागे मैदान होतं, त्यात भोकं होती, पण भोकांभोवती गवत नव्हतं. तेल मिसळलेली वाळू दाबून बसवलेली असायची आणि साहेब लोक त्यावरच चेंडू ढकलायचे. त्या वर्षी भादव्यात हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार असं ठरलं, तेही खेळणारे. मॅनेजर साहेबांनी मनावर घेतलं की टेकाडाच्या माथ्यावर एक तरी खऱ्या गवताचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, करायचं. मला त्यांनी वर नेऊन उभं केलं आणि हातानं दाखवलं. मागे झाड नको, झुडूप नको, हिरवं गवत, एक झेंडा आणि त्यामागे नुसतं आकाश. मग म्हणाले, "अच्छा लेव्हल चाहिए. ये काम करवा लो, तुम्हारे पर्मनंट के कागज पर बड़े साहब की सही यहीं करवा दूँगा."

आम्ही झाडीतली माणसं. आकाश आम्हाला फांद्यांमधून तुकड्यातुकड्यानं बघायची सवय. त्या बोडक्या टेकाडावर उभं राहिलं की चारी बाजूंनी उघडं पडल्यासारखं व्हायचं आणि खाली पळावंसं वाटायचं. साहेबांनी एक नकाशाही दिला होता. त्यात ग्रीनचा गोल होता आणि त्या गोलातून बाहेर जाणारे बाण. बाण म्हणजे साहेब लोक खेळून कोणत्या वाटेनं उतरणार ते, असं मी माझ्या डोक्यानं ठरवलं. विचारायला काय झालं होतं? पण विचारलं तर याला येत नाही असं दिसेल, ही धास्ती. नकाशा मी टेबलाच्या खणात ठेवला.

मातीचं काम जाणणाऱ्या बाया हव्या होत्या. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला होता, गावात हात रिकामे होते. आईच म्हणाली, "आमी येतो ना सहा जनी." मला ते नको होतं. ऑफिसातले नागपूरचे बाबू आधीच माझ्या बोलण्याची नक्कल करायचे, त्यात माझी आई घमेलं घेऊन मैदानात दिसली तर संपलंच. पण आमच्या गावात तिच्यासारखी बांधी सपाट करणारी दुसरी बाई नव्हती. बांधी म्हणजे आमचं धानाचं वावर, चारी अंगानं धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं, पाणी कोंडून धरणारं. मी तिला सांगितलं, ये, पण तिथे मी तुझा कोणी नाही. ती हसली. "तिथं तू बाबूच नं? मंग मी बाबूच म्हनीन. कोनाले काय समजते."

तसंच झालं. सकाळी मी सायकलवर आधी निघायचो, ती बायांसोबत मागून पायी यायची. टेकाडावर ती "बाबू, पानी कोठून आनाचं जी?" असं अगदी परक्यासारखं विचारायची आणि बाकीच्या पाचजणी पदराआड हसायच्या. त्यांना सगळं माहीत होतं. तिनंच त्यांना दटावून ठेवलं होतं की माझी नोकरी पक्की होईस्तोवर तोंड उघडायचं नाही.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाबू, कसं पाह्यजे?" मी ऐटीत सांगितलं, "लेव्हल पाहिजे. एकदम लेव्हल." झालं. तिच्या लेखी लेव्हल एकच, पाण्याची. तिनं जमीन खणली, ढेकळं फोडली, पाणी ओतून चिखल केला आणि फळी फिरवली. मग उकिडवी बसून पाणी कोणत्या कोपऱ्यात आधी जातं ते बघायची, तिकडे ओंजळभर माती टाकायची, पुन्हा बघायची. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी पाणी कुठेच जाईना, तेव्हा ती उठली. कडेनं तिनं वीतभर धुराही घातला. "माती वाहून जाईन नाही तं," म्हणाली. मला तो धुरा दिसत होता. दिसायला छान होता, म्हणून मी काही बोललो नाही.

मग गवत लावायचं होतं, तेही हराळी. ही बाई उभा जन्म बांधीतून हराळी उपटत आलेली. कमरेत वाकून, रोवणा करतात तशी ओळीनं एकेक काडी खोवताना ती म्हणाली, "जिंदगीभर जिले उपटलं, तिलेच रोवून राहिलो व बाप्पा." बाया खूप हसल्या. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात खालून एक नागपूरवाला बाबू येताना दिसला आणि मी आवाज चढवून "हात चालवा, हात चालवा" म्हणालो. आईनं वर न बघता हात चालवला.

त्या वर्षी रोवण्यानंतर पावसानं दडी मारली होती, म्हणून महिनाभर बादल्यांनी शिंपडून पाणी दिलं. गवत धरलं आणि पसरलं. खालून बघितलं की एक हिरवी रेघ दिसायची आणि तिच्यावर लगेच आकाश. मॅनेजर साहेब खुश होते. मी मात्र दिवसातून चार चकरा वर मारायचो, नखं खायचो, बोटानं गवत चाचपायचो.

मोठे साहेब यायच्या सकाळी वरपर्यंत नळाचा पाईप पोचला. गवत ताजं दिसावं म्हणून मीच आईला म्हटलं, भरपूर पाणी सोड. तिनं सोडलं. मी खाली जीपची वाट बघत गेटापासून ऑफिसापर्यंत येरझाऱ्या घालत होतो.

दुपारी साहेब लोक टेकाड चढले. मी मागे होतो. वर पोचल्यावर मोठे साहेब थबकले. ग्रीन काठोकाठ भरलं होतं. धुऱ्याच्या आत घोटाभर पाणी, इकडे एक बोट जास्त नाही, तिकडे एक बोट कमी नाही, आणि त्यात अख्खं आकाश ढगांसकट पडलेलं. मधोमध झेंडा. अशी बांधी पंचक्रोशीत कुणाची नसेल. आई बाजूला उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. तिला वाटलं, साहेब बघून गार झाले.

"ये क्या तालाब बनाया है?" मॅनेजर साहेब माझ्यावर वळले. "ढलान दिखाई थी ना नकाशे में? पानी बाहर जाने के तीर थे. किसने किया ये?"

बाण. तेव्हा मला कळलं. आणि मी म्हणालो, हे मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं, "सर, मैंने बराबर समझाया था. इन लेबर औरतों ने अपने मन से कर दिया. गाँव की हैं, समझती नहीं." बोलताना बोट मी आईकडे केलं होतं.

आईला हिंदी चांगली समजायची. बाकीच्या पाचजणींनी माना खाली घातल्या. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढे येऊन हात जोडले.

"बाबूची काही चूक नाही साहेब," ती म्हणाली. "त्यायनं सांगतलं होतं. माह्यंच ध्यान नोतं."

साहेबांनी एका कारकुनाबद्दलची साक्ष ऐकली. मी काय ऐकलं ते मला माहीत.

मोठे साहेब हसले, लेबर लोकांचं असंच असतं म्हणाले आणि दुसऱ्या भोकाकडे वळले. सहाही बायांना मॅनेजर साहेबांनी तिथल्या तिथे काम बंद म्हणून सांगितलं. धुरा फोडायला खाणीतली माणसं आली. पाणी टेकाडावरून खाली वाहत गेलं, आणि त्याच वाटेनं आई घमेलं काखेत घेऊन उतरली. संध्याकाळी जीपच्या बॉनेटवर ठेवून माझ्या कागदावर सही झाली.

घरी आलो तेव्हा ती चुलीपुढे होती. वाटेत मी शंभर वाक्यं जुळवली होती. मी दारातच या पायावरून त्या पायावर होत राहिलो.

"झाला पक्का?" तिनं विचारलं.

"झालो."

"बेस झालं," ती म्हणाली, आणि ताट वाढून तिनं मला जेवायला हाक मारली. ती हाक माझ्या नावाची होती, शाळेच्या दाखल्यावरच्या. त्यानंतर ती बारा वर्षं जगली. माझ्यावर कधी रागावली नाही, माझ्या लेकरांचं सगळं केलं, पण मला पुन्हा बाबू म्हणाली नाही.