प्रवासी असल्यास

हे भांडण मी चोरून ऐकलं, ते आधीच कबूल करते. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाहेरच्या खोलीत आवाज चढले तसा मी नळ बंद केला. नळ चालू असला की निम्मं बोलणं पाण्याबरोबर वाहून जातं.

बाहेर आमचे हे होते आणि यांची धाकटी बहीण, माझी नणंद. वयाने आम्ही दोघी बरोबरीच्या, पण मी त्यांना वन्संच म्हणायचे.

"विचारायचं तरी होतंस!" हे ओरडले.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग तुझा शब्द मोडून जावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. तुझाच मान राखला."

"अगं, त्या तळ्यावर लोक आठ दिवस हवा खायला जातात. राहायला कोण जातं?"

"मी."

"हंगाम संपला की तिथं कुत्रंसुद्धा दिसत नाही."

"बरं झालं. कुत्र्यांचं आणि माझं नाहीतरी पटत नाही."

"चार महिन्यांत परत येशील. तुझी खाट मी हलवत नाही, तिथंच ठेवतो."

"ठेव. तिच्यावर टॉवेल वाळत घाल."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून उभी राहिले. हे तावातावाने आत पाणी प्यायला आले, नळ बंद बघून म्हणाले, "पाणी गेलं का?" मी मान हलवली.

वन्संनी शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं काजं केली. काज म्हणजे बटण जातं ते भोक. पण भोक म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "भोक उंदीरही पाडतो, वहिनी. काज करावं लागतं." एकदा मुकादमाने घाई आहे म्हणून टाके विरळ घाला असं फर्मावलं. वन्संनी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिल्या. भांडल्या नाहीत, उठल्या नाहीत, कुणाकडे तक्रार नेली नाही. संध्याकाळी मुकादमच हात जोडून म्हणाला, "घाला बाई, तुमच्या मनासारखे घाला."

लग्न झालं होतं त्यांचं. सहा महिन्यांत परत आल्या. कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "माप चुकलं." झालं. त्यापुढे कुणाची विचारायची टाप नव्हती.

तेव्हापासून आमच्या दोन खोल्यांत खिडकीखाली त्यांची खाट आणि खाटेखाली त्यांची ट्रंक. माझी तिन्ही मुलं त्या खाटेवर उड्या मारून मोठी झाली. माझा भाऊ आला की खाट त्याला, वन्सं खाली. कधी ब्र काढला नाही. मला वाटायचं, सवय झाली असेल. मी तरी कुठं विचारलं होतं? कारखाना बंद झाला, हातात रक्कम आली, आणि आठ दिवसांत त्यांनी तळ्याकाठी एका नाववाल्याची मागची खोली विकत घेतली. मी विचारलं, "वन्सं, तळंच का?" तर म्हणाल्या, "तळ्याचं मला काही नाही हो. आतून कडी लावता येईल असं दार पाहिजे होतं. शहरात ते परवडेना."

उन्हाळ्यात गेल्या. हंगाम जोरात होता. हॉटेलच्या चादरी, बंगल्यांचे पडदे, पर्यटकांच्या उसवलेल्या शिवणी, हाताला उसंत नव्हती. मग हंगाम संपला. हॉटेलवाल्याने खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून कुलूप घातलं, बंगल्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, नावा काठावर पालथ्या पडल्या. शंभर घरांच्या तळ्यावर अकरा चुली पेटत्या राहिल्या. आणि चौथ्या दिवशी सकाळची बस आली नाही.

थांब्यावर वेळापत्रकाचा फलक होता. सकाळच्या गाडीपुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हंगामाव्यतिरिक्त प्रवासी असल्यास.' म्हणजे असं की, बस शहराकडून यायची ती फाट्यापर्यंत. फाटा म्हणजे मोठ्या रस्त्याला तळ्याचा रस्ता फुटतो ती जागा, तळ्यापासून पाऊण तासाची चाल. तळ्याला जाणारं कुणी बसमध्ये असेल तरच गाडी आत यायची, नाहीतर तिथूनच माघारी. आता थंडीत सकाळी सकाळी तळ्याला कोण मरायला जातंय? जायचं असायचं ते तळ्याहून बाहेर. बंगल्यांच्या चौकीदाराच्या दोन मुलींना शाळेला, नाववाल्याच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात. ती सगळी थांब्यावर ताटकळायची आणि गाडी फाट्यावरून तोंड फिरवायची. आतमध्ये माणसं उभी आहेत हे ड्रायव्हरला दिसणार कसं?

चौकीदार आणि नाववाला दोघंही बोचकी बांधू लागले. हंगाम येईपर्यंत शहरात कुठंतरी राहू म्हणाले. वन्सं काय ते समजल्या. ही दोन घरं उठली की बाकीची उठणार. मग एकट्या बाईला त्या रानात भाऊ राहू देणार नाही, आणि मग खिडकीखालची ती खाट.

दुसऱ्या दिवशी त्या पहाटे उठल्या, पाऊण तास चालत फाट्यावर गेल्या आणि शहराकडून आलेल्या बसमध्ये चढल्या.

"कुठं, मावशी?" कंडक्टर.

"तळ्यावर."

गाडी आत गेली! वन्सं उतरल्या, थांब्यावरची माणसं चढली, गाडी शहराकडे गेली, वन्सं घरी जाऊन चहा पिऊन शिवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी तेच. रोज पाऊण तास चालायचं आणि बसमधून घरी यायचं. ज्या घरातून निघाल्या त्याच घरी.

ही बातमी यांच्या कानावर गेली तशी हे तडक उठले. "डोकं फिरलंय तिचं. चल, घेऊन येऊ." मीही निघाले. खरं सांगायचं तर त्यांना आणायला नव्हे, बघायला.

बसमध्ये आमच्यापुढे एक साहेब बसले होते, आगाराचे. मांडीवर फाइल. फाट्यावर गाडी थांबली, लोकरीचं टोपडं घातलेल्या वन्सं चढल्या. आम्हाला बघून एकदाच भुवया उडवल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "तळ्यावर."

साहेब वळले. "बाई, तुम्ही रोज इथून चढता?"

"हो."

"तळ्यावर काय काम असतं?"

"घर आहे माझं. घरी जाते."

"मग घरातून निघता कशाला?"

"घरी यायला."

कंडक्टरने हसू लपवायला खिडकीबाहेर बघितलं. साहेबांची फाइल फटकन मिटली. "उद्यापासून एका माणसासाठी गाडी आत येणार नाही. आज ही पाहुणे मंडळी आहेत म्हणून."

हे रागारागाने बहिणीकडे बघत होते ते आता साहेबांकडे बघायला लागले. आमच्या यांचं असं आहे, बहिणीला बोलायचा मक्ता यांचाच.  घरी पोचल्यावर मात्र म्हणाले, "ऐकलंस ना? आता हट्ट पुरे. उद्याच्या गाडीने तिघं जाऊ."

"उद्या गाडी आली तर जाशील ना?" वन्सं म्हणाल्या आणि चुलीत लाकूड सारलं.

रात्री हे पुढे नाववाल्याकडे झोपले, मी वन्संच्या खोलीत. त्यांनी आतून कडी लावली, ओढून पाहिली, परत एकदा पाहिली. तेव्हा मला, माझा भाऊ आला की त्यांच्यासाठी खाली घालायचे ती सतरंजी आठवली. मी कुशीवर वळले.

सकाळी मीही त्यांच्याबरोबर फाट्यावर गेले. हे झोपले होते. गाडी आली, आम्ही चढलो. कंडक्टर बिचारा कानकोंडा झाला. "मावशी, हुकूम आहे हो. उतरा."

"नाही उतरत."

"दोघी आहोत," मी म्हटलं.

"आज दोघी, उद्या मावशी एकट्याच ना?" ड्रायव्हर पुढून म्हणाला. "साहेबांनी बजावून सांगितलंय, त्या टोपडेवाल्या बाईंसाठी गाडी आत न्यायची नाही."

वन्संनी हात मांडीवर ठेवले. मी ओळखलं, आता ब्रह्मदेव आला तरी या हलत नाहीत. पाच मिनिटं गेली. मागचे उतारू ओरडायला लागले, तशी ड्रायव्हरने गाडी वळवली आणि आम्हाला घेऊन थेट आगारात नेली. गाडी उभी केली. आम्ही बसलेल्याच. धुणारा आला, बाहेरून पाणी मारलं, खिडकीतून आमच्या अंगावर शिंतोडे. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पदर सांभाळा," आणि पिशवीतून सुई काढून कुणाच्या तरी शर्टाचं काज करायला लागल्या.

साहेब स्वतः गाडीत चढले. "हा काय तमाशा?"

"तुमच्या फलकावर काय लिहिलंय?" वन्संनी टाका घालता घालता विचारलं.

"प्रवासी असल्यास."

"मी प्रवासी नाही?"

"अहो, प्रवासी म्हणजे अनेक! पुष्कळ!"

"मग एकाला काय म्हणायचं? प्रवासा?"

खाली धुणारा खो खो हसला.  मी शाळेत चौथीपर्यंत गेले, व्याकरण माझ्या वाट्याला फार आलं नाही. पण मनातल्या मनात करून बघितलं. एक घोडा, दोन घोडे. एक प्रवासी, दोन... प्रवासी. शंभर, तरी प्रवासीच! इतकी वर्षं तो शब्द बोलत आले, कधी लक्षात आलं नव्हतं.

"एक असला तरी प्रवासी आणि बस भरून असले तरी प्रवासी," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला पुष्कळ पाहिजे होते तर पुष्कळ लिहायचं."

"फलक मी लिहीत नाही. तो मुख्य कार्यालयातून येतो."

"मग बदलता येतो तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही. मग आपण दोघांनीही तो पाळायचा."

साहेबांच्या कपाळावर आठ्या होत्या, पण वाईट माणूस नसावा. शेवटी ड्रायव्हरला म्हणाले, "ने बाबा यांना. आणि रोज ने. माझ्या डोक्याला ताप नको."

दुपारी गाडी तळ्यावर शिरली तेव्हा थांब्यावर आमचे हे उभे होते. सकाळी आठपासून. एका हातात आमची पिशवी, दुसऱ्या हातात वन्संची ट्रंक. गारठ्याने नाक लाल झालेलं. त्यांच्या शेजारी नाववाल्याची आई दवाखान्याचा कागद घेऊन दगडावर बसलेली. दोघांनी अर्धा दिवस एकत्र वाट बघितली होती.

"गाडीच नाही म्हणजे काय!" हे आमच्यावर खेकसले. "या म्हातारीचं इंजेक्शन चुकलं. लोकांनी जायचं कसं?"

वन्संनी यांच्या हातातून ट्रंक घेतली आणि दुसऱ्या हाताने म्हातारीला गाडीत चढवलं. मग यांनाही दंडाला धरून पायरीवर चढवलं, हे चढले, मी चढले, वन्सं खालीच. गाडी सुरू झाल्यावर यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"खाट ट्रकने पाठवतो!"

"तिच्यावरचे टॉवेल काढून पाठव!"

चौकीदार गेला नाही, नाववालाही नाही. यांनी खाट खरंच पाठवली आणि वरून दर हंगामानंतर आम्ही आठ दिवस तिकडे जाऊ लागलो. हे शहरात सगळ्यांना सांगायचे, "माझ्या बहिणीने बस चालू केली." जसं काही स्वतःच गाडीला धक्का मारला.

दर हंगाम संपला की वन्संची चाल सुरू. अशी बारा वर्षं. मधे गुडघा धरला, तर काठी घेतली. शेवटच्या थंडीत खोकला होता. मी फोनवर म्हटलं, "वन्सं, एक दिवस नाही गेलात तर काय बिघडतं?" तर म्हणाल्या, "त्या एका दिवशी म्हातारीचा दवाखाना असतो." आता त्या नाहीत, तर नाववाल्याची बायको जाते म्हणे फाट्यावर. कधी जाते, कधी नाही. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी गाडी येत नाही.

वन्सं गेल्या त्या दुपारी, जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. पण सकाळी फाट्यावर गेल्या होत्या. कंडक्टरने सगळं सांगितलं मला, खिडकीशी कुठं बसल्या तेसुद्धा. धुकं दाट होतं, काठीचा आवाज आधी आला आणि बाई मागून दिसली. चढल्या. बारा वर्षांत त्याने कुठं म्हणून विचारायचं सोडलं होतं, पण त्या सांगायच्या. "तळ्यावर."

तळ्याच्या थांब्यावर सहाजण होते. वन्सं उतरल्या, म्हातारीला आधार देऊन चढवलं, तिची पिशवी वर दिली.

"मावशी, उद्या गारठा वाढणार म्हणतात," कंडक्टर म्हणाला. "येऊ नका."

"मग तू कानटोपी घालून ये," वन्सं म्हणाल्या आणि गाडी नीट वळेपर्यंत रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभ्या राहिल्या.