बाबांच्या वाटणीचा आंबा

घरामागचा आंबा वादळात पडला आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी आई गेली. आंब्याची अर्धी लाकडं तिच्या सरणाला लागली. उरलेली अर्धी बाबांनी फोडून सुकवली, रिकाम्या गोठ्याच्या पडवीत रचली आणि वर निळा प्लास्टिकचा कागद घातला. कोणी विचारलं तर सांगायचे, "ही माझी. ती गेली त्याच झाडावर मीपण जाणार." आमच्या कैनाड गावात म्हातारी माणसं असं लाकूड बाजूला ठेवतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पावसाची सर आली की मला हाक मारायचे, "बाय, माझ्या बिछान्यावर पाणी गळतंय का, बघून ये गो." आणि स्वतःच हसायचे.

मी तलासरीच्या एका शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. बाबा, भाऊ, वहिनी आणि मी असं आमचं घर. भाऊ डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला होता आणि वहिनी तिथल्या कामगारांचे डबे करायची.

आखातात युद्ध पेटलं तेव्हा ते आम्हाला पेपरातलंच वाटलं. मग सिलिंडर यायचा थांबला. फोनवर नंबर लावला की नोंद झाल्याचा मेसेज यायचा, गाडी मात्र यायची नाही. हायवेवरच्या हॉटेलांनी जेवणाच्या पाट्या पुसून टाकल्या. डिझेल वाढलं, गाड्यांचं भाडं परवडेना, आणि चिकू वाडीतच झाडाखाली मऊ पडू लागले. फुग्यांसाठी लागणारा माल येईना आणि तयार माल जाईना, म्हणून भावाचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. शाळेतली खिचडी चुलीवर शिजू लागली. माझ्या वर्गातली मुलं दप्तराबरोबर एकेक काटकी घेऊन यायची.

घर आता वहिनीच्या डब्यांवर चालत होतं. तिनं मागच्या दारी पुन्हा चूल मांडली. पण चुली सगळ्यांच्याच पेटल्या होत्या. पाड्यातल्या बायका पहाटे रानात जायच्या आणि दुपारी बोटाएवढ्या काटक्यांची मोळी घेऊन परतायच्या. मी तलासरीच्या वखारीत विचारलं, तर मालकानं मान न उचलताच म्हटलं, "लाकडां नथी, बेन."

एका सकाळी बाबा वहिनीला म्हणाले, "माझी काढा."

"काय बोलता बाबा! तुमच्या लाकडांवर मी भात शिजवू?"

"मी काय आज चाललोय? लोकांचे डबे जाऊ देत. लढाई थांबली की बाय भरून देईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"देईन," मी म्हटलं. "पावसाच्या आत भरून देते."

तेव्हापासून रोज सकाळी मी पेपर उघडला की ओट्यावरून प्रश्न यायचा, "थांबलं?" त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, अक्षरं दिसत नव्हती.

"बोलणी चाललीत."

"एवढं काय बोलतात? आमच्याकडे बांधाचं भांडण याच्या आधी मिटतं."

मग ते पडवीत जाऊन चाचपत एक लाकूड काढायचे आणि अंदाजानेच कुऱ्हाडीने फोडून द्यायचे. मी कधी "आठवड्यात मिटेल" म्हणायचे, कधी "मिटत आलंय". माझा स्वतःचाही त्यावर थोडा विश्वास होता.

पाऊस आला, आणि मी काहीच भरून दिलं नव्हतं. तीन लाकडं उरली तेव्हा बाबांनी ती ओढत आणून आपल्या खाटेखाली ठेवली. या वेळी ते हसले नाहीत. "यांना हात लावायचा नाही," ते म्हणाले. "डोक्याला एक, छातीला एक, पायाला एक. बाकीची कुठलीही असू दे. ही तीन तिच्या झाडाची हवीत."

त्यानंतर एक सकाळ अशी आली की काटक्या भिजून गेल्या होत्या आणि चूल पेटतच नव्हती. धुरात वहिनीला खोकल्याची उबळ आली होती. डबे आणखी एक दिवस चुकले तर दुसरीकडे लावू, असं कामगारांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं. माझ्या हातात पेपर होता. पहिल्याच पानावर जळत्या जहाजाचा फोटो होता.

"थांबलं?" खाटेवरून बाबांनी विचारलं.

"थांबलं, बाबा."

ते उठून बसले. "खरं?"

"खरं. पेपरात आलंय."

त्यांनी वाकून तिन्ही लाकडं स्वतः बाहेर काढली. "मग घे," ते म्हणाले. "आता काय, भरून येतील." आंब्याचं सुकं लाकूड लगेच पेटलं. धूरसुद्धा झाला नाही. डबे वेळेवर गेले.

त्या दिवसानंतर त्यांनी मला "थांबलं?" असं एकदाही विचारलं नाही. गॅसची शेगडी तशीच थंड होती, वहिनी चुलीपाशीच बसत होती. आंधळ्यालाही कळावं असं सगळं होतं. मी पेपर वाचायचे आणि ते पावसाकडे तोंड करून बसायचे. आठ दिवसांनी ते सकाळी उठलेच नाहीत.

आमच्याकडे सरणासाठी प्रत्येक घरातून एक लाकूड येतं. त्या दिवशीही आलं. ज्या बायकांना मी काटक्यांसाठी मैलोन् मैल चालताना पाहिलं होतं, त्यांच्या घरांतून आलं. शेजारच्या आजी पदराखाली झाकून दोन ओंडके घेऊन आल्या. "घे, सुकी आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी ठेवलेली." बाबांच्या सरणावर साग होता, ऐन होता, कुणाच्या मोडक्या खाटेचा पायही होता. आईच्या आंब्याची एक ढलपीही नव्हती.

युद्ध थांबल्याची बातमी तेराव्यानंतर आली. मी ती मोठ्यानं वाचायला लागले आणि पहिल्या ओळीवरच थांबले.

आता सिलिंडर येतो, आधीपेक्षा महाग. कारखान्यातले अर्धे कामगार गावी गेले ते परतले नाहीत. वहिनीचे डबे निम्मे झालेत. मी रानशेतहून टेम्पोभर आंब्याची लाकडं आणली. त्यातले दोन चांगले ओंडके घेऊन आजींकडे गेले.

त्यांनी ते हातातही घेतले नाहीत. "सरणाला दिलेलं परत घेत नाहीत, बाय."

"मग तुमच्यासाठी काय राहिलं, आजी?"

"येतील ना लोक. तूपण येशील."

मी ओंडके परत आणले आणि पडवीत बाकीच्यांवर ठेवले. निळा कागद तिथेच घडी घालून ठेवलेला होता. तो पसरून मी चारी कडा दगडांनी दाबल्या.