गाळणीची पांढरी चकती

आमच्या भांडुपच्या चाळीत माझी बोटं बघून सगळे एकच विचारायचे, "काय गं, हळद लागली की काय? कळवलंसुद्धा नाहीस!" मी भडकायचे. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या लॅबमध्ये दिवसभर हळदीच्या अर्काशी खेळल्यावर बोटं पिवळी नाही होणार तर काय गुलाबी होणार?

काम सांगायला सोपं होतं. हळदीतला खरा कामाचा पिवळा भाग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पोटात जाऊनही फारसा अंगी लागत नाही. म्हणून सोयाबीनपासून निघणाऱ्या लेसिथिन नावाच्या स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्या करायच्या आणि तो पिवळा भाग त्यांच्यात कोंडायचा. लेसिथिन आणि अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, गोल फ्लास्क कोमट पाण्यात फिरवत अल्कोहोल उडवून टाकायचं. काचेला आतून पातळ पापुद्रा धरतो. त्यावर कोमट पाणी घातलं की पापुद्रा फुगतो, सुटतो आणि त्याच्या पिशव्या आपोआप वळतात. आपोआप! पहिल्यांदा ते दुधट पिवळं पाणी तयार झालं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत उभी होते.

पण पिशव्या टिकत नव्हत्या. बाटलीच्या तळाशी गाळ बसायचा. शेवटी सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात माल घेणारी पार्टी बघायला येतेय. ही बॅच जमली तर ठीक, नाहीतर प्रोजेक्ट बंद. तू परत क्रीमच्या ट्यूबा तपासायला." त्या ट्यूबा मी बरीच वर्षं तपासल्या होत्या. झाकण उघडा, वास घ्या, झाकण लावा. परत तिथे जायचं म्हणजे शिक्षाच.

ती बॅच केली, या वेळी गाळ बसू नये म्हणून बारीक गाळणीतून गाळली आणि आकार मोजायच्या मशिनमध्ये लावली. आकार एकदम बारीक, सगळ्या पिशव्या सारख्या. सर खुर्चीतून उठलेच. "झकास! हाच आकडा पार्टीला दाखवायचा."

मी गाळणी साफ करायला उघडली. आतली नखाएवढी पांढरी चकती पिवळीधमक झाली होती. आणि गाळून आलेलं पाणी? नुसतं दुधट. आकड्याच्या घाईत मी त्याच्या रंगाकडे बघितलंच नव्हतं.

म्हणजे वाट लागली होती. मशिनने मोजल्या त्या पिशव्या छान होत्या, पण रिकाम्या. हळद सगळी चकतीवर अडकली होती. गप्प बसले असते तर प्रोजेक्ट वाचला असता, कारण सरांनी आकडा सोडून काही बघितलंच नव्हतं. पण रिकामी पिशवी भरलेली म्हणून लोकांच्या गळ्यात मारायची? मला नाही जमत असलं.

"सर, यात हळदच नाहीये," मी चकती त्यांच्यासमोर धरली.

त्यांचा चेहरा पडला. "अगं, आत्ता सांगतेस?"

"आत्ताच कळलं तर आत्ताच सांगणार ना! आपण हावरटपणा करतोय. पिशवी एवढीशी आणि सामान लग्नाचं. अर्क निम्मा करा, मोठा फ्लास्क द्या, पार्टी यायच्या आत करून दाखवते."

आवाज जरा चढलाच होता माझा. सरांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "घे मोठा फ्लास्क."

ती चकती मी प्लास्टिकच्या डबीत घालून घरी नेली आणि आईसमोर ठेवून ढसाढसा रडले. आई मूळची मालवणची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ह्या पिवळा दिसता, ता आत जावक होया. व्हय मा?" शेजाऱ्यांना ती माझ्याबद्दल 'माझा चेडू क्रीमच्या कंपनीत आसा' एवढंच सांगायची.

मोठ्या फ्लास्कमध्ये पापुद्रा आईच्या तांदळाच्या घावनासारखा पातळ पसरला. पाणी घालताना मी घाई केली नाही. गाळलं, गाळणी उघडली. चकती पांढरी! अगदी शुभ्र नाही, खोटं कशाला बोलू, कडेला पुसट झाक होती. पण खाली आलेलं पाणी पिवळंजर्द. पिशव्या फोडून आतली हळदही मोजली. होती, भरपूर होती. पार्टीसमोर सर म्हणाले, "हे हिने केलंय. विचारायचं ते हिलाच विचारा." आणि मी बोलले, न अडखळता, सगळं.

त्या संध्याकाळी दुसरी डबी घरी आणली. आईने उघडून दिव्याखाली धरली, उलटीसुलटी केली. मला वाटलं, आता विचारणार, ह्यात बघायचं काय? पण ती चकती घेऊन थेट गॅलरीत गेली आणि शेजारणीला हाक मारली.

"गो, हय ये! बघ, काय दिसता?"

"काय दिसणा नाय."

"ताच तर!" आई म्हणाली. "माझ्या चेडवान हळद आत कोंडल्यान. एक ठिपको भायर पडाक देवक नाय!"