दोन नंबरचा कॉम्प्रेसर

दोंडाईच्याजवळच्या, सौर विजेवर चालणाऱ्या आमच्या ग्रीन अमोनिया प्लांटमधले ते सर्वांत जुने ऑपरेटर. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. राउंडला निघाले की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे.

मग प्लांट एआयवर चालवायचं ठरलं. ऊन चढल्यावर हायड्रोजन किती वाढवायचा, ढग आल्यावर किती उतरवायचा, हे आबांनी पुण्याच्या इंजिनिअरांशेजारी बसून सहा महिने शिकवलं. हातचं काही राखलं नाही. यंत्रणा सुरू झाली आणि आबांना गेटवर गाड्यांची नोंद करायला बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत ते तरीही शेडमध्ये चक्कर मारायचे. एका दुपारी तिथूनच धापा टाकत कंट्रोल रूममध्ये आले. शिफ्ट इन्चार्ज मी होतो.

"भाऊ, दोन नंबरनं मशीन रडी ऱ्हायनं. बंद कर!"

पडद्यावर सगळं हिरवं होतं. "आबा, सिस्टिम काही दाखवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मला बाजूला सारलं आणि लाल बटण दाबलं. कॉम्प्रेसर उघडला, तर बेरिंग पार झिजलेलं. आणखी थोडा वेळ चालला असता तर हायड्रोजन गळून शेड पेटली असती, आत माणसं होती.

वरून फोन आला: सिस्टिम चुकली हे कागदावर येता कामा नये. 'यंत्रणेने बिघाड वेळीच ओळखला' असा अहवाल मी लिहिला. विनापरवानगी बटण दाबल्याचा मेमोही आबांना मीच नेऊन दिला. त्यांनी तो वाचून सही केली.

"तुनी नोकरी वाचनी ना, भाऊ?"

मी मान हलवली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.