कावळ्याचं हाड

शनिवार, ६ नोव्हेंबर २००४. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि गिरिजा पत्र्याच्या शेडमध्ये, नाकाखाली व्हिक्स चोळून, हरणाच्या उघड्या पोटाचे फोटो काढत होती. शेड ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या पश्चिमेला गाडीने दीड तासावर, शेतांमधल्या एका रस्त्याला लागून होती. शिकारीचा मोसम त्याच पहाटे सुरू झाला होता. बाहेर पिकअप ट्रकांची रांग होती आणि प्रत्येक ट्रकच्या मागे जीभ बाहेर आलेलं एक जनावर पडलं होतं. शेडमधली माणसं ते आत आणून मागच्या पायांनी टांगायची, फाडायची, आणि आतडी निळ्या पिंपात पडायची. पडताना जो आवाज व्हायचा, त्यावर व्हिक्सचा उपयोग नव्हता.

गिरिजा नागपूरची. घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. ती ह्यूस्टनला कॉम्प्युटरमध्ये एम.एस. करायला आली, तेव्हा तिच्या विभागात असिस्टंटशिप उरली नव्हती. इंग्रजी विभागातल्या डॉ. हॉलिसबाईंना मात्र एक जुना ग्रंथ वेबसाइटवर चढवायला प्रोग्रामिंग येणारं माणूस हवं होतं. ग्रंथ पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधला, शिकारीवरचा, बराचसा पद्यात. तो एका ख्रिस्ती मठाच्या प्रमुख जोगिणीने लिहिला असं परंपरेने सांगतात. अशी बाई खरोखर होती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

गिरिजाला ती होती असंच वाटायचं, आणि तेच तिला सहन होत नसे. लहान मुलाला वरणभात कालवून द्यावा तशा मायेने ही बाई हरणाचा कुठला अवयव आधी कापायचा ते शिकवायची. मग रक्तात पाव भिजवून कुत्र्यांना वाढायला सांगायची. देवाला वाहिलेली बाई, आणि हे शिकवणं. गिरिजा त्या ओळी टाइप करायची तेव्हा दुपारचा डबा बहुतेक तसाच घरी परत जायचा.

वर्षभरात एकच जागा अशी आली, जिथे तिला किळस आली नाही. हरणाच्या छातीच्या हाडाचं कुरकुरीत टोक कापून कावळ्यासाठी टाकायचं. तो त्याचा वाटा. त्याच महिन्यात तिचे वडील गेले होते. व्हिसाच्या भानगडीत तिला जाता आलं नाही. दहाव्याला कावळा पिंडाला लवकर शिवला नाही, एवढं भावाने फोनवर सांगितलं. त्या आठवड्यात तिने या ओळींखाली टीप लिहिली की शिकारी लोक मृतांसाठी कावळ्याला घास ठेवत असावेत. महाराष्ट्रात ही चाल आजही आहे.

डॉ. हॉलिस खूश झाल्या. त्यांनी टिपेखाली गिरिजाचं नाव घातलं आणि त्या टिपेवर स्वतःचं एक व्याख्यान बेतलं. शुगर लँडच्या शोभनामावशीने ही गोष्ट महाराष्ट्र मंडळात सांगितली. गणपतीत गिरिजाला स्टेजवर बोलावून नारळ दिला. एका काकांनी माइक घेऊन, इंग्रजांकडे हे आपल्याकडूनच गेलं असणार, असं जाहीर केलं, आणि टाळ्या पडल्या. ग्रंथाचा हरणाचा भाग सोमवारी वेबसाइटवर खुला होणार होता. शब्दसूचीसाठी फोटो तेवढे राहिले होते.

शेडमधल्या माणसाने नेमकं तेच टोक कापलं आणि न बघता दाराबाहेर भिरकावलं. बाहेर तारेवर कावळे बसले होते. हे कशासाठी, असं गिरिजाने विचारलं. नाही दिलं तर टेबलावर येतात, असं तो म्हणाला आणि पुढच्या हरणाकडे वळला.

ती दारात गेली. दोन कावळे त्या तुकड्याची ओढाताण करत होते. तुकड्याला केस चिकटलेले होते. ट्रकमागे जाऊन ती ओकली. मांसाने नव्हे, मांसाची तोवर सवय होत आली होती. वडिलांचा पिंड आपण आपल्या हाताने नेऊन या घाणीत ठेवला, हे तिला उमगलं होतं.

दुपारी ती शुगर लँडला पोहोचली, तर मावशीने तिला तशीच घरात घेतलं नाही. "तिथेच थांब. कपडे गॅरेजमध्ये काढ, केसांनासुद्धा वास येतोय. एम.एस. करतेस की खाटकाकडे उमेदवारी?"

आंघोळ करून चहाला बसल्यावर गिरिजाने सांगितलं की टीप ती काढून टाकणार आहे.

"अगं, पण मंडळाच्या दिवाळी अंकात छापून आलंय ते."

"छापून आलं म्हणून खरं होत नाही, मावशी."

"नसेल खरं. पण कुणाचं काय बिघडतंय?"

"बाबांचं."

 मावशीने दोघींचे कप उचलले आणि सिंककडे गेली.

रविवारी सकाळी गिरिजाने डॉ. हॉलिसना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका खाटीकखान्यातल्या कावळ्यांनी काही सिद्ध होत नाही, त्या म्हणाल्या. शिवाय टीप चुकीची आहे असं कुणी दाखवू शकणार नाही. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "गिरिजा, ही तुमची संस्कृती आहे. यातलं तुलाच कळणार."

 "मला माझ्या घरचं कळतं," गिरिजा म्हणाली. "ग्रंथ लिहिणाऱ्या त्या बाईच्या घरचं नाही."

 डॉ. हॉलिस कोरडेपणाने म्हणाल्या की व्याख्यान आता नव्याने लिहावं लागेल, आणि टीप जाणार असेल तर तिच्याखालचं नावही जाईल.

दुपारी गिरिजाने लॉग-इन करून टीप पुसली. तिच्या जागी लिहिलं: हे हाड कावळ्यासाठी टाकतात, कारण ग्रंथात दिलेलं नाही. खाली नाव घातलं नाही. मावशीने दिलेला डबा तिने उघडला, वास घेतला आणि परत झाकण लावलं.

सोमवारी लॅब आठ वाजता उघडते. गिरिजाच्या टेबलावर पुढचं पान सशाचं आहे: तो कसा सोलायचा आणि त्यातलं कुत्र्यांना काय द्यायचं.