घरात आणखी कोण होतं?

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो आणि पदवी घेऊनच उतरलो, ते उमाकांत देवतळे सरांमुळे. हे आधीच लिहून टाकतो. पुढे जे लिहायचं आहे ते कडू आहे, आणि त्या कडूपणात हे राहून जायला नको.

सर जबलपुरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी जगाचा इतिहास शिकवत. मी बी.ए. करता करता सिहोऱ्याहून बसने तिथे येत असे. पहिल्या दिवशी त्यांनी मला उभं केलं, तेव्हा माझी हिंदी अडखळली. त्यांनी नाव विचारलं.

"राऊत? वर्धेकडचे काय?"

"आजोबा आर्वीचे, सर. बाबा रिछाईत कारखान्यात आहेत."

"मग हिंदीत काहून घाबरून राहिला? मराठीत घाबर. आपल्या भाषेत भीती जरा कमी वाटते."

पोरं हसली, मीही हसलो. त्या दिवसापासून वर्ग सुटला की सर मला खालच्या टपरीवर चहाला नेत आणि वर्गात हिंदीत सांगितलेलं पुन्हा मराठीत सांगत.

त्यांचा आवडता विषय म्हणजे अमेरिकेचे सुरुवातीचे राष्ट्राध्यक्ष. पण ते त्यांची नावं कधी घेत नसत. पहिला, दुसरा, तिसरा, सहावा, असंच म्हणत, जणू आमच्याच गल्लीतली भावंडं. "नावं तुम्ही पाठ करता," ते म्हणत, "आणि माणूस तिथेच सोडून येता." मग गोष्ट सुरू होई. सहावा पहाटे नदीवर जाऊन अंगावरचे सगळे कपडे काठावर काढून पोहत असे. एकदा म्हणे कोणीतरी ते कपडे पळवले, आणि देशाच्या मालकाला पाण्यात बसून, रस्त्याने जाणाऱ्या एका पोराला घरून कपडे आणायला सांगावं लागलं. सातव्याच्या पोपटाला इतक्या शिव्या येत की मालकाच्याच अंत्ययात्रेत त्याला घराबाहेर काढावं लागलं. वर्ग बाकं बडवून हसे.

आम्ही हसत असताना सर आमच्याकडे पाठ करून फळा पुसत. हळूहळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हसू ओसरलं की वळून विचारत, "अच्छा, घर में और कौन था?"

हीच त्यांची रीत होती. पहिला अर्धा हसण्याचा, दुसरा अर्धा या प्रश्नाचा. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं जवळपास सगळं तोंड नकली दातांचं होतं, हे ऐकून आम्ही हसलो. मग सर म्हणाले, काही दात खऱ्या माणसांचे असत, आणि पहिल्याच्या हिशेबात त्याच्याच गुलामांकडून दात घेतल्याची नोंद आहे. "घर में और कौन था? ज्यांचे दात गेले ते होते." मला त्या संध्याकाळी जेवताना चावणं जड गेलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी बाबांनी मला शिकणं थांबवायला सांगितलं. कारखान्यात पोरांची भरती निघाली होती. मी सरांना काही बोललो नव्हतो, पण तीन दिवस वर्गाला गेलो नाही म्हणून ते स्कूटरवरून थेट रिछाईला, कारखान्याच्या फाटकावर आले. बाबा शिफ्ट सुटून बाहेर पडत होते. मी तिथेच होतो, अर्ज द्यायला आलेला.

"सर, इतिहास वाचून काय होते?" बाबांनी सरळ विचारलं.

सरांनी त्यांना भाषण दिलं नाही. फाटकासमोरच्या नाल्यावरच्या पुलियावर बसवलं आणि दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोची गोष्ट सांगितली. नवं राष्ट्रपती भवन अर्धवट बांधलेलं, आजूबाजूला चिखल, कुंपण नाही. धुणं कुठे वाळत घालायचं? तर त्या बाईने घरातल्या सगळ्यात मोठ्या दालनात दोऱ्या बांधल्या आणि तिथे धुणं घातलं. बाबा खळखळून हसले. त्यांना मी इतकं हसताना क्वचितच पाहिलं आहे.

"म्हणजे त्याहीच्या घरी जागेची बोंबच होती म्हणा!"

"होती ना, राऊतजी. पण ते घर कोण बांधून राहिलं होतं? बाई खिडकीतून पाहत होती. फाटक्या कपड्यातले गुलाम माती वाहून राहिले होते. कामाचे पैसे मिळत होते, पण त्याहीच्या मालकाला."

बाबांचं हसू गेलं. त्यांनी मागे फाटकाकडे पाहिलं. ते स्वतः ठेक्यावर होते.

"म्हणजे ठेकेदार," ते म्हणाले.

"ठेकेदारच म्हणा."

बाबा बराच वेळ पायाने माती उकरत बसले. मग माझ्या हातातला अर्ज घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "जा, सरांच्या गाडीवर बस." माझ्या पदवीची गोष्ट एवढीच आहे.

क्लासच्या डायरेक्टर साहेबांनी त्याच सुमारास वर्गात कॅमेरा बसवला. सरांची नदीतल्या आंघोळीची गोष्ट त्यांनी कापून इंटरनेटवर टाकली आणि ती चांगलीच चालली. रस्त्यात अनोळखी पोरं सरांना पाहून "वो नहाने वाले सर" म्हणू लागली. कापताना फक्त हसण्याचा भाग ठेवला होता. त्याच म्हाताऱ्या सहाव्याने पुढे संसदेत उभं राहून, गुलामांच्या बाजूचे अर्ज वाचू द्यावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं, तो भाग गेला होता.

डायरेक्टर साहेब खूश होते. माझ्यासमोर ते सरांना म्हणाले, "देवतळे जी, पब्लिक को हँसी चाहिए. आप आधा ही रखिए. दूसरा आधा नोट्स में दे दीजिए."

"नोट्समध्ये कोणाला काही दुखत नाही, जी," सर म्हणाले. मराठीतच म्हणाले. साहेबांना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल.

साहेबांचा वाढदिवस क्लासमध्ये दरवर्षी थाटात होई. केक, फुगे, शिक्षकांची भाषणं. त्या वर्षी स्टेजवरून 'हँसते राष्ट्रपति' नावाची मालिका सुरू होणार होती आणि पहिली गोष्ट सर सांगणार होते. त्याच्या आदल्या दिवशी वर्गात त्यांनी पहिल्याच्या स्वयंपाक्याची गोष्ट घेतली. हा गुलाम स्वयंपाकी मोठा नटवा. काम संपलं की रेशमी कपडे घालून, सोन्याच्या मुठीची काठी फिरवत शहरभर हिंडे. मालकाच्या वाढदिवशी तो पळून गेला. पहिल्याने शपथ घेतली होती की नवा गुलाम विकत घेणार नाही, आणि आता त्याला काळजी लागली की स्वयंपाक्यासाठी शपथ मोडावी लागते की काय. वर्ग हसत सुटला. सरांनी फळा पुसला.

"घर में और कौन था? त्याची लहान मुलगी होती. एका पाहुण्याने तिला विचारलं, तुझा बाप आता दिसणार नाही, वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, नाही, मला आनंद आहे. तो आता सुटला." सरांनी डस्टर खाली ठेवलं. "ती मात्र तिथेच राहिली."

दुसऱ्या दिवशी केक कापला गेला, पण सर आले नाहीत. शिपायाकडे कपाटाची किल्ली देऊन ते वरुडला भावाकडे निघून गेले होते. साहेब माईकवरून म्हणाले, "कुछ लोगों को इज़्ज़त हज़म नहीं होती." आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी विसरलेलो नाही. वाजवणाऱ्यांत असे कितीतरी होते ज्यांची फी कमी व्हावी म्हणून सर साहेबांशी भांडले होते.

सरांनी मोबाईल ठेवणं सोडून दिलं आहे, म्हणून मी पत्र लिहितो. आजच पाठवलं ते हे:

आदरणीय सर, सा. न.

तुम्हाला कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. बाबांचा ठेका संपला. माझी परीक्षा पुन्हा हुकली. तुमच्या जागी दोघं-तिघं येऊन गेले, टिकले नाहीत. डायरेक्टर साहेबांनी मला बोलावलं, "देवतळे जी का चेला है," म्हणून. मी हो म्हटलं. तुमचीच बॅच मी घेतो.

परवा साहेबांचा वाढदिवस झाला. मला स्टेजवर स्वयंपाक्याची गोष्ट सांगायला लावली. काठीपर्यंत सगळे हसले. शपथेपर्यंत तर साहेबही हसले. मी हातानेच हवेत फळा पुसला, तेही त्यांना विनोद वाटलं. पुढे बोलणार, तेवढ्यात साहेबांनी खांद्यावर हात ठेवून माईकवर विचारलं, "तुम्हारे देवतळे जी चले गए, बुरा तो लगता होगा?"

मी म्हणालो, "नहीं सर. खुशी है. वो छूट गए."

सगळा हॉल हसला, सर. सगळ्यात जास्त साहेब हसले. मग त्यांनी माईक घेतला आणि केक वाटायला सांगितला. मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

सोमवारी पहिल्याचे दात आहेत. कॅमेरा चालू असतो. मी हसू ओसरेपर्यंत फळा पुसणार आणि तुमचा प्रश्न विचारणार. त्यानंतर कदाचित ही नोकरी राहणार नाही. बाबांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "विचार. पण आधी जेवून जा."

तब्येतीला जपा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
राऊत